बिनझाडाची सावली

५ एप्रिल, रविवार

सामान आलं, टेम्पो गेला, आणि मी मागच्या दारात खुर्ची टाकून बसले आहे. अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदा माझ्या नावावर जमीन आहे. सतरा फूट बाय सव्वीस फूट. शहाड स्टेशनच्या पुढे, नदीच्या अंगाला, बारा रो-हाउसच्या रांगेतलं शेवटून दुसरं घर. दीप्तीला फोनवर सांगितलं, तुमच्या टॉवरमधली जागा हवेत असते, माझी जमिनीवर आहे. माझी लेक हसली आणि म्हणाली, आई, आता कागदपत्रं उशाशी घेऊन झोपू नकोस.

कळव्याच्या चाळीत आमच्या आईने गॅलरीच्या कठड्यावर डालड्याच्या डब्यांत गवती चहा लावला होता. खाली पाणी गळतं म्हणून मालकाने एक दिवस माणूस पाठवला आणि सगळे डबे उतरवून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच डबे तिने पुन्हा कठड्यावर चढवले. मी तिचीच मुलगी आहे, म्हणून एकतीस वर्षं भूगोल शिकवून मिळालेलं सगळं या परसात घातलं.

परस सध्या गोडाउनसारखं दिसतं. आधीच्या मालकाने भिंतीपासून भिंतीपर्यंत शहाबादी फरशी बसवली आहे आणि वर आख्खी पत्र्याची शेड. दिवसाढवळ्या बल्ब लावावा लागतो. एवढी मोकळी जागा असून माणसाने सूर्य बंद करून ठेवला. काय म्हणावं.

९ एप्रिल, गुरुवार

बागेसाठी माणूस ठरला. तिघांना बोलावलं होतं. पहिल्याने मोबाइलवर फोटो दाखवले, कोपऱ्यात कारंजं आणि कारंज्यात बुद्धाचं नुसतं मुंडकं. हल्ली फार चालतं म्हणाला. मी विचारलं, बुद्धांचं बाकीचं अंग कुठे ठेवलंत? त्याला कळलं नाही. चहा पाजून वाटेला लावला. दुसरा प्लास्टिकची हिरवळ अंथरायला निघाला होता.

तिसरा सौमित्र, डोंबिवलीचा. चौतिशीचा असेल, लँडस्केप डिझाइन शिकलेला, बोटांना माती आणि खिशाला तीन पेनं. आल्या आल्या फोटो दाखवले नाहीत. सकाळचा चहा कुठे बसून पिता, गुडघे दुखतात का, वाकून काम होतं का, असं विचारत बसला. मी लॉनचं नाव काढलं तर म्हणाला, "मॅडम, लॉन म्हणजे जावई. रोज लाड करायचे आणि तरी रुसलेलाच." तिथेच मी त्याला काम देऊन टाकलं.

त्याच्या दोन अटी. एक, शेड पूर्ण काढायची. दोन, शेड निघाल्यावर आठवडाभर मी उन्ह-सावलीचा तक्ता करायचा. सकाळी आठ, दहा, दुपारी बारा, दोन आणि चार. कुठली सावली कुठवर येते ते आलेखाच्या कागदावर काढायचं. झाडं आपल्या आवडीने लावायची नसतात, उन्हाच्या आवडीने लावायची असतात, असं त्याचं म्हणणं. इतर गिऱ्हाईकं अंदाजे काहीतरी भरून देतात, पण तुम्ही भूगोलाच्या बाई आहात, तुमचा तक्ता मी डोळे मिटून वापरीन, असंही म्हणाला.

शिक्षिकेला खूश कसं करायचं हे त्याला कुणी शिकवलं कोण जाणे.

१२ एप्रिल, रविवार

शेड निघाली. भिवा आणि त्याचे दोन गडी काल सकाळपासून लागले होते. भिवा नदीकाठच्या जुन्या गावातला, सत्तरीला आलेला आगरी माणूस. ही सगळी रांग उठली ती त्यांच्याच भातखाचरांवर, म्हणून इथलं झाडझुडपाचं काम तोच बघतो.

अर्धे पत्रे उतरल्यावर त्याने मागे वळून विचारलं की मागचे दोन राहू दिले तर चालतील का. पाऊसपाण्याला कामाला येतील म्हणे. मी सगळेच काढायला सांगितले. त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. मग निमूट काढले, पण शेवटचे दोन उतरवताना गड्यांना बाजूला केलं आणि स्वतः वर चढला.

आज शहाबादीही निघाली. खालून काळी माती आली. भाताची माती. मी चप्पल काढून त्यावर चालले, शेजारच्या बायका गच्चीतून बघत होत्या, बघू देत.

१३ एप्रिल, सोमवार

तक्ता सुरू. घर उत्तरेला आहे आणि परस दक्षिणेला, त्यामुळे घराची सावली इकडे पडतच नाही. सकाळी पूर्वेच्या भिंतीची सावली, संध्याकाळी शेजारच्या शेवग्याची. बाकी दिवसभर लख्ख ऊन. सोपा धडा.

बाराच्या नोंदीत एक पट्टा जास्तीचा आला. मागच्या भिंतीपासून सात फूट अलीकडे, मोकळ्या मातीत, दाराएवढी सावली. साधारण तीन फूट बाय सहा. कशाची ते कळलं नाही. कागदावर काढली आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकलं.

१५ एप्रिल, बुधवार

काल जयंतीसाठी कळव्याला गेले होते. मिरवणुकीत पाय तुटले, पण चाळीतल्या जुन्या शेजारणी सगळ्या भेटल्या. तक्त्याला कालची सुट्टी.

आज पाचही वेळा तो पट्टा पाहिला. आठला तिथेच, चारलाही तिथेच. सावली सरकते, पाचवीच्या मुलांना मी मैदानात काठी रोवून हेच दाखवत आले. ही सरकत नाही.

१७ एप्रिल, शुक्रवार

उलटतपासणी केली. पट्ट्यावर पांढरी चादर धरली. चादरीवर सावली पडली. चादर डोक्याइतकी उंच धरली, तरी पडली. म्हणजे वर काहीतरी आहे. वर काही नाही. तार नाही, फांदी नाही, नदीपलीकडच्या टॉवरची सावली इथवर यायला सूर्य मावळतीला लागतो.

आत हात घातला तर गार लागला. माठाला हात लावावा तसा.

तक्त्यात जे दिसलं ते लिहिलं आहे, मापांसकट. आपल्याला समजलं नाही म्हणून नोंद गाळायची हे मी मुलांना कधी शिकवलं नाही.

२० एप्रिल, सोमवार

सौमित्र तक्ता घेऊन गेला होता, आज नकाशा घेऊन आला. पट्ट्याबद्दल मी सविस्तर सांगितलं. त्याने पट्ट्याभोवती एक फेरी मारली, मग म्हणाला, टॉवरच्या काचांवरून उजेड उलटा येतो आणि इतर ठिकाणी जास्त पडतो, मधली जागा त्यामुळे गडद दिसत असेल. मला ते पटलं नाही. त्यालाही पटलं नसावं, कारण तो लगेच नकाशाकडे वळला.

नकाशा सुंदर आहे. भिंतीलगत सोनचाफा, कढीलिंब, लिंबू, माझ्या गुडघ्यांसाठी उंच वाफे. आणि त्या पट्ट्यात नेचे, सगळे सावलीत वाढणारे, मध्ये बसायला दगडी बाक. एवढ्या उन्हात आयती सावली म्हणजे लॉटरी आहे मॅडम, म्हणाला. माझ्या मापांप्रमाणे इंच न इंच काढला आहे.

मी होकार दिला. हे लिहून ठेवते. होकार मी दिला.

२४ एप्रिल, शुक्रवार

आज भिवाने त्या पट्ट्यात कुदळ मारायला नकार दिला. बाकी सगळं खणलं, तिथे आला आणि थांबला. सौमित्रने कारण विचारलं तर कंबर धरली म्हणाला. सौमित्र हसला, स्वतः बाह्या सरसावल्या, कडेने आखणीसाठी चुन्याची पांढरी फक्की मारली, दोरी बांधली आणि आत उतरला. टेप लावून, लेव्हल बघून, खड्डे घेऊन, नेचे लावून, बाक बसवून बाहेर यायला त्याला तासभर लागला. छान गार आहे म्हणाला, इथेच ऑफिस काढतो.

दोनच्या सुमाराला तो गेटकडे निघाला. मी मागच्या दारात होते. भिवाची सावली त्याच्या पायाशी होती. फावड्याची होती. घमेल्याची होती.

सौमित्रची नव्हती.

तो पिवळ्या उन्हातून चालत गेला आणि त्याच्या पायाखाली नुसतं ऊन होतं. त्याच्या लक्षात आलं नाही. मी हाक मारणार होते, पण काय म्हणून हाक मारायची ते सुचलं नाही.

भिवाने पाहिलं. त्याने फक्त फावडं धुतलं आणि गेला.

२६ एप्रिल, रविवार

भर वैशाखातल्या उन्हात नेचे पोपटी झाले आहेत. दोन दिवसांत वीतभर वाढले. शेजारणीने गच्चीतून कौतुक केलं, कुठलं खत घालता विचारलं.

पट्टा मोठा झाला आहे. पाच फूट बाय नऊ. सौमित्रने मारलेली फक्कीची चौकट आता सावलीच्या पोटात गेली आहे. आणि सरळ कड मोडली आहे. डाव्या बाजूला कडेतून एक आकार बाहेर आला आहे. डोकं, खांदा, कोपरातून वाकलेला हात. हातातून एक सरळ रेघ निघते, ताणलेल्या टेपसारखी.

सौमित्रला फोन केला. आवाज बारीक होता. दोन दिवस उठवत नाही म्हणाला, ऊन लागलं असेल. मी त्याला डॉक्टरकडे जायला सांगितलं आणि बाकी काही बोलले नाही. हा माझा भित्रेपणा.

१ मे, शुक्रवार

बुद्ध पौर्णिमा. दीप्ती खीर घेऊन आली. वंदना झाली, जेवणं झाली, मग मीच तिला मागे नेलं आणि सांगितलं, बघ आणि काय दिसतं ते सांग. तिने पाहिलं. तिने मोबाइलमध्ये फोटोही काढला, आणि फोटोत सगळं आलं तेव्हा ती माझा हात धरून आत घेऊन आली.

ती दोन तास बोलली. घर विकायचं, तिच्याकडे घोडबंदरला राहायला यायचं, आजच. अकराव्या मजल्यावर मातीच नाही तर असलं काही नाही. तू आयुष्यभर भूतखेत खोटं म्हणून शिकवलंस, मग आता कशासाठी इथे बसतेस?

मी म्हटलं, भूत आहे असं मी आजही म्हणत नाही. मी सावली आहे असं म्हणते, आणि ती मोजली आहे. आणि दीप्ती, त्या सावलीत एका माणसाचं काहीतरी अडकलंय. माझ्या तक्त्यावरून तो तिथे उतरला. मी घर विकलं तर ते घेणारा पत्रा घालील आणि तो पोरगा पत्र्याखाली राहील.

ती रडली. मग जाताना म्हणाली, "आजीसारखी आहेस अगदी, डबे पुन्हा वर ठेवणारी." रागाने म्हणाली, पण मला बरं वाटलं.

४ मे, सोमवार

सकाळी सौमित्रचा फोन आला. नेच्यांना जास्त पाणी घालू नका म्हणाला. मी विचारलं, तुझी तब्येत? तर म्हणाला, "मी इथेच आहे ना, मॅडम. बाकावर. तुम्ही मघाशी दारात आला होता, निळी साडी."

मी निळी साडी नेसले होते. दारात आले होते.

दुपारी तडक डोंबिवली गाठली. दार त्याच्या आईने उघडलं. प्रमोदिनीबाई, निवृत्त नर्स, माझ्याच वयाच्या. घर स्वच्छ, बाल्कनीभर कुंड्या. सगळ्या तपासण्या झाल्या होत्या आणि सगळं नॉर्मल आलं होतं. एवढी माहिती त्यांनी पेशंटच्या नातेवाइकाला द्यावी तशी कोरड्या आवाजात दिली, आणि मग म्हणाल्या, मी चाळीस वर्षं वॉर्डात काढली बाई, माणूस असा आतून उणा होताना मी पाहिला नाही.

तो बाल्कनीत बसला होता, उन्हात. खुर्चीची सावली फरशीवर होती. रिकाम्या खुर्चीची. त्याचा डावा हात कोपरातून वाकलेला होता, मूठ वळलेली. मी ती मूठ उघडायचा प्रयत्न केला. उघडली नाही.

प्रमोदिनीबाईंना मी सगळं सांगितलं. वेडी म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी फरशीकडे बोट दाखवलं. मलाही दिसलं होतं, म्हणाल्या. त्यासाठी त्यांनी चष्माही बदलून घेतला होता.

मी त्यांना शब्द देऊन आले आहे.

६ मे, बुधवार

भिवाच्या घरी गेले. गावात शेवटचं कौलारू घर त्याचंच. त्याने ओटीवर बसवलं, सरबत दिलं आणि बराच वेळ दुसरंच काही बोलत राहिला. मी उठले नाही. शेवटी बोलला.

त्याच्या बापाच्या वेळेलाही ती होती. खाचराच्या मधोमध, झाड नाही, झुडूप नाही आणि सावली. लावणीला, कापणीला दुपारची भाकर खायला माणसं फर्लांगभर चालत बांधावरच्या आंब्याखाली जायची, पण तिच्यात कुणी बसायचं नाही. पाण्याचं मडकंसुद्धा ठेवायचं नाही. पूजा नाही, नारळ नाही, नाव नाही. तिची नोंदच घ्यायची नाही, एवढाच नेम. घर बांधलं त्या मालकाला त्याने हे सांगितलं होतं, म्हणून त्याने पत्रा घातला. सगळीकडेच सावली केली की ती कुठली हे ओळखायला नको.

मला का सांगितलं नाहीस, असं विचारलं. तर म्हणाला, तुम्ही शिकलेल्या, हसला असता. खरं आहे, हसले असते.

"तुमी तिला कागदावर घेतली, बाय," तो म्हणाला. "तिच्यासाठी झाडं लावली, बसाया दगड दिला. आमच्या बापानं तिच्याकडं बोट पन नय केला. आता ती पाहुनी नय, घरची झाली."

पत्रा परत घाल म्हणतो. मी विचारलं, आत गेलेलं परत येतं का? त्याला माहीत नाही, कारण आत कुणी गेलंच नव्हतं.

पत्रा घालणार नाही.

७ मे, गुरुवार

पाहुणी होती तर होती. घरची मी करून घेतली असेल तर घराबाहेरही मीच काढीन.

आधी नकाशा फाडला. मग तक्ता. मग नेचे उपटायला घेतले. आत पाय न ठेवता, कडेला उभं राहून लोखंडी दाताळ्याने. मुळांना माती चिकटली नव्हती. मुळं ओली, गार आणि केसांसारखी. निम्मे निघाले. बाकापर्यंत दाताळं पोहोचत नाही, आणि फक्कीच्या चौकटीपर्यंतही नाही.

संध्याकाळी सावली दीड फूट पुढे आली. रागावली असेल. मीही रागावले आहे.

१० मे, रविवार

उत्तर सापडलं. एकतीस वर्षं शिकवलं आणि आज आठवलं, लाज वाटली पाहिजे.

शून्य सावली. वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि कशाचीच सावली पडत नाही. दुसऱ्यांदा येतो तेव्हा इथे ढग असतात, पण मे महिन्यातला दिवस चुकत नाही. कल्याणच्या अक्षांशाला सतरा मे. दुपारी बारा चौतीस. एखादं मिनिट.

त्या मिनिटाला सावली कुणाकडेच नसते. मग धरलेली तरी तिच्याकडे कशी राहील? हे शास्त्र नव्हे, मला कळतं. पण तिने माझ्या मापांनी अंग धरलं असेल तर माझ्या आकाशाचे नियमही तिला लागू आहेत. त्या मिनिटाला आत जायचं आणि फक्कीची चौकट खरवडून काढायची. शेवटचं माप पुसायचं.

प्रमोदिनीबाईंना फोन करून वेळ कळवली. त्यांनी ती मला परत वाचून दाखवली, डॉक्टरांकडून फोनवर औषधाचा डोस लिहून घेतात तशी.

१३ मे, बुधवार

सावली स्वयंपाकघराच्या पायरीपासून चार फुटांवर.

शेवग्यावर पक्षी बसत नाहीत. शेजारीण गच्चीत येत नाही. काल तिचं मांजर पट्ट्याच्या कडेकडेने गेलं, शेपटी तेवढी आत गेली. आज दारात बसलं होतं. त्याच्या सावलीला शेपटी नाही. मांजराला आहे.

भिवा येऊन गेला. गेटपाशीच उभा. पत्रे आणलेत म्हणाला. परत ने म्हटलं.

१४ मे

दोन फूट.

सौमित्र बोलत नाही. प्रमोदिनीबाईंनी फोन त्याच्या कानाला लावला. मी नुसतं बोलत राहिले. सोनचाफ्याला पालवी फुटली आहे, कढीलिंब जगला, लिंबावर अळी होती ती मारली. पलीकडून टेप आत ओढल्याचा आवाज आला. सर्रर्र. पुन्हा बाहेर. सर्रर्र.

तो मोजतो आहे. कड मोजतो आहे. रोज ती वाढते ती तो —

१५ मे

पायरीवर टेबल लावलं. तिने इथून पुढे यायचं असेल तर माझ्यावरून यायचं.

दीप्ती आली होती. न्यायला. मी दाराला कडी लावून आत बसले, तिच्याशी खिडकीतून बोलले. चौदाव्या वर्षी ती माझ्याशी असंच बोलायची. तिला ते सांगितलं. हसली नाही. रविवारी दुपारनंतर ये म्हटलं, तूप-भात करून ठेवते.

येईल.

१६ मे

पायरी गार. टेबलाचे पुढचे दोन पाय तिच्यात. मागचे दोन माझ्या बाजूला.

उद्या. आकाश स्वच्छ आहे. खुरपं, झाडू, घड्याळ —

बस.

१७ मे, सकाळी आठ

ऊन लख्ख. पायरीवर उलटा पेला ठेवला आहे. त्याची सावली आत्ता पश्चिमेला लांब. सरकते आहे, तिला सरकावंच लागतं. शहाण्यासारखी.

सकाळी दहा

पेला: अर्ध्यावर आली.

ती: आहे तशीच. तिच्या कडेला सौमित्रचा आकार, हात वर. मांजराची शेपटी. आणखी काही आहेत, जुने, मी ओळखत नाही. वाकलेले. लावणीला वाकतात तसे. भिवा म्हणाला होता कुणी गेलं नाही. त्याला माहीत नव्हतं एवढंच.

बारा वीस

पेल्याला दोऱ्याएवढी उरली. प्रमोदिनीबाई फोनवर आहेत, स्पीकर लावला आहे. त्याच्याजवळ बसल्या आहेत.

भीती वाटते. लिहून टाकलं. आता उठते.

बारा पन्नास

लिहिते. क्रमाने.

बारा चौतीसला पेल्याची सावली गेली. शेवग्याची खोडाशी. माझी पायाखाली. मी आत पाय टाकला. विहिरीत उतरावं तसं. ती आकसली. खरंच आकसली, सगळीकडून, चादर ओढून घ्यावी तशी, दाराएवढी झाली. जुन्या मापाची. कडेवर कुणीच राहिलं नाही. मी गुडघ्यांवर बसून खरवडत होते. एक बाजू. दुसरी. फक्की मातीत गेली होती, नखांनी काढली. तिसरी. कानापाशी कुणीतरी आकडे म्हणत होतं, माझ्याच आवाजात, तीन फूट, सहा फूट, तीन फूट. मी पाढे म्हणायला लागले. मोठ्याने. सत्तावीसचा. मुलं गोंधळ करायची तेव्हा म्हणायचे तसे.

चौथी बाजू निघाली.

फोनमधून प्रमोदिनीबाई ओरडल्या. मग रडल्या. मग त्याचा आवाज आला. आई, माझा हात का दुखतोय, म्हणाला. आणि त्या म्हणाल्या, "बाई, फरशीवर पडलीय. त्याची पडलीय हो."

सुटला.

मी बाहेर आले. पायरी चढले. टेबलाशी बसले. परसात माती आहे, बाक आहे, ऊन आहे. पट्टा नाही. कुठेच नाही. दोनदा पाहिलं. सतरा बाय सव्वीस, सगळी माझी.

बारा पंचावन्न

पेल्याची सावली परत आली. पूर्वेला, बोटभर. टेबलाची आली. खुर्चीची आली.

खुर्चीवर कुणी —

रिकामी. मी बसले आहे आणि खुर्ची रिकामी.

बरं. म्हणजे अशी देवघेव. हरकत नाही. तो चौतीस वर्षांचा, मी अठ्ठावन्न. पण एवढ्यावर ही जागा सोडीन असं समजू नकोस. तुझ्याशी बोलते आहे. तू होतीस तेव्हा इथे कुणी बसत नव्हतं. आता मी बसते. रोज बसणार. चहा घेऊन.

बारा अठ्ठावन्न

वहीवर हाताची सावली पडली आहे. हाताचीच. पेनासकट. बाकी माझं काही नाही, एवढा हात.

गार आहे.

मी लिहायची थांबले. ती थांबली नाही. कागदावर ओळीच्या खाली ओळ, आकडे, मापं, तीन फूट, सहा — या वहीच्या कागदावर. मी पेन टेकवून तिच्यावरून रेघ मारते. ती पुन्हा लिहिते. मी पुन्हा मारते. चालू दे. दीप्ती येईपर्यंत चालू दे. माझ्याकडे अख्खी दुपार आहे आणि मी एकतीस वर्षं वह्या तपासल्या आहेत. लाल पेन काढलं. तुझी ओळ, माझी काट. तुझी ओळ, माझी काट. मनगट ओढतंय. ओढू दे. ही जमीन माया हरिहर जाधव हिची आहे, आणि शेवटचा शब्द मी लिहि—